पीटीच्या सरांना कोण शिकवतं?

साठ मुलं, वाळूचा एक खड्डा आणि पस्तीस मिनिटांचा तास. विषय लांब उडी. एका मुलानं धावत यायचं, उडी मारायची, कपडे झटकत बाजूला व्हायचं, कुणीतरी वाळू सारखी करायची आणि सरांनी "चला, पुढचा" म्हणायचं, याला अर्धं मिनिट धरा. साठ जणांची एकेक उडी होईपर्यंत अर्धा तास गेला. उरलेली पाच मिनिटं रांग लावण्यात आणि मुलांना वर्गात परत नेण्यात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक उडी आणि साडेएकोणतीस मिनिटं रांगेत उभं राहणं. रांगेत उभी केलेली सातवीतली मुलं काय करतात ते सांगायला नको. सुरुवात पुढच्याच्या कॉलरपासून होते.

नोकरीची पहिली तीन वर्षं मी लांब उडी अशीच शिकवली. धाव, टेक ऑफ, हवेतली स्थिती, लँडिंग हे टप्पे पदवीला घोकले होते, त्यावर चांगले गुणही पडले होते. साठ मुलांचं काय करायचं, हे मात्र एकाही पेपरात नव्हतं. एकदा तालुक्याच्या स्पर्धांसाठी मैदान आखायला शेजारच्या शाळेतले एक सर आले होते. त्यांनी माझा तास कडेला उभं राहून बघितला. तेव्हा काही बोलले नाहीत. तास संपल्यावर हातातली फक्कीची बादली घेतली आणि खड्ड्याच्या आजूबाजूला पाच ठिकाणी रेघा ओढल्या. इथे उभ्यानं उडी, इथे लंगडीनं रेघा ओलांडायच्या, इथे दोरीवरच्या उड्या, इथे एका पायावर उसळून दोन पायांवर उतरायचं, इथे जोडीदाराची उडी पावलांनी मोजायची. सहावा गट खड्ड्यावर. दहा-दहाचे सहा गट, दर पाच मिनिटांनी शिट्टी, की जागा बदलायची. पुढच्या आठवड्यात मी तसं करून बघितलं. वाळूतली उडी तेव्हाही प्रत्येकाला एकच मिळाली. पण उरलेल्या पंचवीस मिनिटांत प्रत्येक पोर चाळीस-पन्नास वेळा तरी उसळलं. माझं पहिलं खरं प्रशिक्षण ते, आणि त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

हे आज सांगायचं कारण असं, की शारीरिक शिक्षण पुन्हा चर्चेत आलंय. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हे भाषा-गणिताच्या पंगतीला आणून बसवलं. त्यासाठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकंही येऊ लागली. पालकांच्या ग्रुपवर प्रश्न फिरतो: "आता पीटीचाही अभ्यास?" त्याच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न कुणी विचारत नाही. हे सगळं जो शिकवणार, त्या माणसाला कोण शिकवतं, आणि नोकरीला लागल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं?

पीटी, खेळ आणि शारीरिक शिक्षण

तीन गोष्टींची आपल्याकडे कायम सरमिसळ होते. पीटी म्हणजे कवायत: सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार. खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो, क्रिकेट. त्यात संघ असतो, निवड असते, जिंकणं-हरणं असतं. शारीरिक शिक्षणात हे दोन्ही येतं, पण त्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे. कोच संघातल्या बारा जणांकडे बघतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानं वर्गातल्या साठही जणांकडे बघायचं असतं, आणि सगळ्यात जास्त त्या पोराकडे, ज्याला कुणीच आपल्या संघात घेत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे, तिला शारीरिक साक्षरता म्हणतात. अक्षरओळख नसलेल्याला आपण थेट कादंबरी देत नाही. तसंच धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं ही शरीराची बाराखडी आहे. ती आली की पुढे कुठलाही खेळ वाचता येतो. ज्याला चेंडू झेलताच येत नाही तो बाराव्या वर्षी क्रिकेटपासून लांब पळतो, आणि घरचे म्हणतात, "त्याला खेळाची आवडच नाही." आवड कुठून येणार? त्याला झेलायला कुणी शिकवलंच नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. संघटनेच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरची आकडेवारी मांडली, तेव्हा ११ ते १७ वयोगटातली पाचपैकी चार मुलं यात कमी पडत होती. आठवड्याच्या दोन तासांनी हा खड्डा भरणार नाही, हे उघड आहे. पण शाळेबाहेर आपणहून खेळायला जाईल असं मूल त्या दोन तासांत घडू शकतं, आणि ते बरंचसं शिकवणाऱ्यावर असतं.

हे शिक्षक तयार कसे होतात?

या कामात महाराष्ट्राचा इतिहास जुना आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. पुण्यात १९२४ पासून महाराष्ट्रीय मंडळ आहे, त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. मुंबई सरकारनं १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. मुलांना व्यायाम शिकवायचा तर शिकवणारा आधी तयार व्हायला हवा, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक होतं.

आज हा रस्ता प्रामुख्यानं बी.पी.एड.वरून जातो, म्हणजे पदवीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी. पूर्वी ती एका वर्षात व्हायची. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांची, चार सत्रांची केली. शरीररचना, शरीरक्रिया, खेळांचे नियम, पंचगिरी, आरोग्यशिक्षण, मानसशास्त्र आणि शाळेत जाऊन घ्यायचे सराव पाठ, असा सगळा ऐवज त्यात असतो. पाया बरा आहे. पण पाठाला बाहेरचे परीक्षक येणार असतात तेव्हा वीस निवडक मुलं असतात, पांढरे कपडे असतात, नवे कोरे चेंडू असतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी कपाट उघडावं तर त्यात हवा गेलेला व्हॉलीबॉल, दोन रिंगा आणि गेल्या २६ जानेवारीच्या लेझिमा निघतात.

आणि पदवीत जे शिकलो ते पुढची तीस वर्षं तसंच चालेल, असंही नाही. आम्हाला वॉर्मिंग अपमध्ये झटके देत पायाचे अंगठे धरायला शिकवलं होतं, "अजून खाली, अजून खाली" म्हणत. आज धावण्याआधी हळूहळू वेग वाढवत हालचाल करतात आणि ताण धरून ठेवण्याचे प्रकार शेवटी घेतात. हा फरक मला कुठल्या पत्रकातून समजला नाही; एका माजी विद्यार्थिनीनं सांगितला. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे आणि "सर, तुम्ही आमचे स्नायू तोडायला निघाला होतात" असं हसत हसत म्हणते.

कायदा काय देतो आणि कुठे हात आखडतो

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेत पटसंख्या १०० च्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा. कला आणि कार्यानुभवासाठीही तसंच. वाक्य साधं वाटतं, पण त्यातले दोन शब्द घट्ट धरा.

पहिला "अंशकालीन". म्हणजे पूर्ण वेळ नाही, पूर्ण पगार नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. असा माणूस सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या कामावर. त्यानं स्वतःच्या खर्चानं नवीन काही शिकावं ही अपेक्षा जरा जास्तच होते.

दुसरा "१०० च्या वर". डोंगरी भागातल्या, वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट एवढा नसतो, तिथे हा हक्क लागूच होत नाही. आणि पहिली ते पाचवीसाठी तर परिशिष्टात शारीरिक शिक्षणाच्या माणसाचा उल्लेखच नाही. शरीराची बाराखडी गिरवायचं वय कोणतं? सहा ते दहा. नेमक्या त्याच वयात हा विषय वर्गशिक्षक सांभाळतो. बहुतेकदा बाई असतात, त्यांच्याकडे मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि पोषण आहाराची नोंदवही असते, आणि शेवटच्या तासाला त्या म्हणतात, "जा, खेळा. लांब जाऊ नका." यात बाईंना दोष देऊन उपयोग नाही. कुणी त्यांना कधी दहा मिनिटं तरी दाखवलं का, की नुसत्या कागदाच्या बोळ्यांनी झेलायला कसं शिकवायचं?

भाकरी आणि कार्यशाळा

"प्रशिक्षण" म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यासमोर काय येतं ते आधी सांगतो. एक सभागृह, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रोजेक्टर सुरू होण्याची वाट, चहा, पीपीटी, जेवण, जेवणानंतरची पीपीटी, सह्या. किंवा बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळायची असेल तर करावं लागणारं ते प्रशिक्षण. तिथे माणूस शिकायला येत नाही असं मी म्हणत नाही, पण डोक्यात पगाराचा हिशेब चालू असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं दर शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे. बोजड नाव आहे, अर्थ एवढाच: नोकरीत असताना, नोकरीसाठी, न थांबता शिकत राहणं. ५० तास चांगलेच आहेत. पण ते कसे भरायचे यावर सगळं येऊन ठेपतं, आणि इथे मला भाकरी आठवते.

भाकरी कशी करायची हे तुम्ही व्याख्यानातून ऐकू शकता: पीठ ताजं हवं, पाणी गरम हवं, मळताना कंजुषी नको. मोबाइलवर बघूही शकता. तरी पहिली भाकरी थापायला गेलात की ती परातीत चिकटते किंवा उचलताना तुटते. शिकता तेव्हा, जेव्हा शेजारी आई उभी असते आणि म्हणते, "मध्ये पातळ झालीये, काठ जाड राहिलेत. बोटं बाहेरच्या बाजूला फिरव." हे ती तुमची भाकरी बघून सांगते, सगळ्यांना एकच वाक्य सांगत नाही. आणि उद्या पुन्हा शेजारी उभी असते.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल हेच मांडलं. सिद्धांत सांगितला, प्रात्यक्षिक दाखवलं, सरावही करून घेतला, तरी वर्गात परत गेल्यावर फार थोडं उतरतं. प्रत्यक्ष तासाला कुणी सोबत असेल, बघून बोलणारं असेल, तेव्हा ते टिकतं. फक्कीची बादली घेऊन आलेल्या त्या सरांनी जॉइस आणि शॉवर्सचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता कमी आहे.

शाळेतला एकटा माणूस

हायस्कूलमध्ये गणिताचे तीन शिक्षक असतात, मराठीचे तीन-चार. भूमिती कुठे अडली तर स्टाफरूममध्ये विचारता येतं. पीटीचे सर बहुधा एकटेच असतात. मुख्याध्यापक आले तरी मैदानावर गोंगाट आहे की शांतता एवढंच बघून जातात. शांतता असेल तर तास चांगला! खरं तर मुलं हलत असतील तर आवाज होणारच.

मग या एकट्या माणसाकडे कामं कोणती? परिपाठ, शिस्त, युनिफॉर्मची तपासणी, गेटवरची गर्दी, १५ ऑगस्ट, स्नेहसंमेलनाचं स्टेज, सहलीच्या बसची यादी, गैरहजर शिक्षकाचा ऑफ तास. निवडणूक आणि जनगणना कायद्यानंच सगळ्या शिक्षकांना लागू आहे, ती वेगळी. मुलांच्या मनात सरांची ओळख मग शिट्टी आणि छडी एवढीच उरते. गणवेश नाही आणला? मैदानाला पाच फेऱ्या. दंगा केला? पन्नास बैठका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे झालंच. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की ज्या गोष्टीची गोडी लावायची, तीच आपण शिक्षा म्हणून वापरतो. मराठीच्या बाईंनी शिक्षा म्हणून कविता वाचायला लावली तर कवितेचं काय होईल? मीही फेऱ्या मारायला लावल्या आहेत. आता सांगताना बरं वाटत नाही.

एकटेपणावरचा उपाय महागडा नाही. जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे तास बघून त्यावर बसून चर्चा करतात. ती तिथली जुनी रीत आहे. आपल्याकडे केंद्रपातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषदा भरतात, त्यांत बहुतेक वेळ भाषा-गणिताला जातो. वर्षातली एखादी परिषद सभागृहाऐवजी मैदानावर घ्या. एकानं खऱ्या मुलांचा खरा तास घ्यावा, बाकीच्यांनी कडेला बसून फक्त एक गोष्ट मोजावी: प्रत्येक मूल किती वेळ हललं. त्यावर बोलावं. चहा मैदानावरही पिता येतो.

आरोग्याची बाजू

विषयाच्या नावात "आरोग्य" आधी येतं, आणि इथे या शिक्षकाची जागा डॉक्टरच्याही आधी आहे. आठवीतली एक मुलगी ६०० मीटर धावताना दुसऱ्याच फेरीत खाली बसते, धाप लागते, ओठ फिके. "नाटक करते" असं म्हणणं सोपं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली, म्हणजे ॲनिमिया. दहात सहा! हिलाही तोच त्रास असू शकतो. आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खाते, की खिडकीतून टाकते, हे पीटीच्या बाईंना विचारता यायला हवं. पाळीमुळे ती धावत नसेल तर तेही तिला न लाजता सांगता यायला हवं. मैदानावर शिकवणारे आम्ही बहुतांश पुरुष, आणि हे संभाषण कसं करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

२०२० पासून शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत नेमायची योजना आहे. शक्यतो एक पुरुष, एक स्त्री. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे ११ विषय त्यांच्याकडे. कल्पना उत्तम आहे. हे दोघं आणि पीटीचे सर एकत्र बसतात का, हे मात्र शाळेत जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट जिवाची. धावताना पोर कोसळलं, अशी बातमी अधूनमधून येतेच. हृदय थांबलं तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि खेड्यात १०८ ची गाडी तेवढ्यात येणं अवघड. तोवर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहणारा माणूस मैदानावरच हवा. हे एकदा शिकून पुरत नाही. पुतळ्यावर केलेला सराव काही महिन्यांत हात विसरतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. कबड्डीत डोक्याला मुका मार बसला की आमच्या वेळी तोंडावर पाणी मारून पोराला परत आत पाठवायचे. आता नियम उलटा आहे: भोवळ, मळमळ, गोंधळलेलं बोलणं, यांतलं काही दिसलं किंवा नुसती शंका आली तरी त्या दिवशी पोर बाहेर, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परत मैदानात नाही. हा नियम माहीत नसलेला शिक्षक वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पण मार बसलेल्या पोराला त्यानं काय फरक पडतो?

"कोच बोलवा की, सर कशाला?"

शहरी शाळांत हा सवाल हमखास येतो. एखाद्या अकादमीशी करार करा, त्यांचे कोच येतील, टी-शर्ट झकास असतील. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर इंग्लंडमध्ये होऊन गेलाय. तिथे २०१३ पासून सरकार प्राथमिक शाळांना शारीरिक शिक्षण आणि खेळासाठी थेट पैसे देऊ लागलं. पुढे साखरेच्या पेयांवरच्या कराच्या आधारानं ती रक्कम दुपटीनं वाढून वर्षाला सुमारे ३२ कोटी पौंड झाली. उद्देश होता की शाळेतल्या शिक्षकांचीच तयारी वाढावी. बऱ्याच शाळांनी सोपा मार्ग धरला: बाहेरचा कोच बोलवायचा, आणि तो मैदानावर असताना वर्गशिक्षकानं स्टाफरूममध्ये वह्या तपासायच्या. कोचचा करार संपला की शाळा होती तिथेच. शेवटी सरकारला नियमांत लिहावं लागलं की शिक्षकांना मोकळा वेळ मिळावा म्हणून कोच आणण्यासाठी हा पैसा नाही. जी सुधारणा कराल ती पैसे थांबल्यावरही टिकायला हवी.

कोच नको असं मी म्हणत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकून आलेला ॲथलेटिक्सचा कोच शाळेत आला तर मी सगळ्यात आधी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहीन. शेजारी उभं राहणं हाच मुद्दा आहे. कोचनं मुलांबरोबर शिक्षकालाही शिकवावं, एवढी एक ओळ करारात घाला.

"मैदानच नाही, आणि दहावीला गुणही नाहीत"

मैदानाची अडचण खोटी नाही. मुंबई-पुण्यात गच्चीवर भरणाऱ्या शाळा आहेत. पण जागा जितकी लहान, तितकी शिकवणाऱ्याच्या डोक्याची परीक्षा मोठी. विटी-दांडू नाही जमणार. दोरी, तोल, योग, सागरगोटे, नाचाचे प्रकार, जोडीनं फेकणं-झेलणं जमतं. मोठं मैदान आणि न शिकलेला शिक्षक यांपेक्षा लहान गच्ची आणि तयार शिक्षक मी कधीही पसंत करेन.

गुणांचं म्हणाल तर दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण आहेच, फक्त त्याला श्रेणी असते. वर्षअखेरीला सगळ्यांना एका दमात "अ" लिहिलेले तक्ते मी पाहिलेत. त्याऐवजी काय करता येईल? खेलो इंडियाच्या चाचण्या घ्या: ५० मीटर धाव, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पुशअप्स. जूनमध्ये घ्या, फेब्रुवारीत घ्या, आणि मुलाला दुसऱ्याशी नाही, जूनमधल्या स्वतःशी जोखा. ज्याला ६०० मीटरला साडेचार मिनिटं लागायची त्याला चार लागली तर त्याची श्रेणी वरची. आकडे ॲपमध्ये भरले की बहुतेक ठिकाणी काम संपतं. ते वाचायचे कसे, आणि वाचून पुढचा तास कसा बदलायचा, हे शिकवणारं प्रशिक्षण मला हवंय.

"ज्यांना शिकवायचंच नाही, त्यांचं काय?"

आहेत असे. खुर्ची टाकून झाडाखाली बसणारे, मुलांकडे चेंडू भिरकावून मोबाइल बघणारे. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्यांतल्या दोघा-तिघांना मी पंचविशीत पाहिलंय. तेव्हा ते रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असायचे. मग कुणी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, अतिरिक्त ठरलं, कुणाला दोन शाळांत फिरवलं, कुणाचे तास सराव परीक्षेच्या नावाखाली दरवर्षी जानेवारीपासून गणिताला गेले. कुणी तास बघितला नाही, चांगलं झालं तरी कुणी बोललं नाही. खुर्ची एका दिवसात येत नाही.

आणि शरीराचं काय? आवाज हे आमचं हत्यार. रोज पाच तास उघड्यावर ओरडून चाळिशीत घसा बसतो. पन्नाशीत गुडघे बोलतात, आणि निवृत्ती ५८ ला. छप्पन्न वर्षांच्या माणसानं हर्डल्स करून दाखवाव्यात असं कुणी म्हणत नसेल, तर करून न दाखवता कसं शिकवायचं हे त्याला शिकवायला हवं: एखाद्या मुलीकडून प्रात्यक्षिक करून घ्यायचं, मोबाइलवर तिची उडी चित्रित करून तिलाच दाखवायची. एक चांगली शिट्टी, डोक्यावर टोपी, मैदानाच्या कडेला सावली आणि पाण्याचा माठ, हेही पाठबळच. त्यासाठी कुठलं धोरण लागत नाही.

कुंपणाबाहेरून

पालकांनी शाळेत जाऊन "तुमच्या पीटीच्या सरांचं प्रशिक्षण झालंय का" असं विचारू नये. उत्तर "हो" येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षी त्यांचा तास कुणी पूर्ण बघितला? ते दुसऱ्या कुणाचा तास बघायला गेले? प्रथमोपचाराचा सराव शेवटचा कधी केला? साहित्याला किती पैसे मिळाले, आणि जानेवारीनंतर पीटीचे किती तास खरंच झाले?

आणि जमलं तर एक दिवस तासाच्या वेळी मैदानाच्या कुंपणाशी उभे राहा. हातात घड्याळ धरा. जो सगळ्यात पुढे धावतोय त्याला निवडू नका, तो कुठेही धावेल. चष्मा सावरत रांगेच्या शेवटी उभी असलेली मुलगी निवडा. ती हलली की घड्याळ चालू करायचं, थांबली की थांबवायचं. तास संपल्यावर जो आकडा येईल तो कागदावर लिहून सरांना द्या, आणि त्यांना वाळूचे खड्डे किती आहेत तेही विचारा.